एवर्ट नको म्हणाला

एवर्ट फ्लोडमार्क स्वीडनकडून नऊ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यात त्याने तीन गोल केले, ही माहिती हॅलाब्रुक गावात कुणीही एवर्टच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तरी ती गावातल्या प्रत्येकाला पाठ होती. एवर्टची खरी कारागिरी यातच होती.

पद्धत अशी होती. क्लबच्या कॅन्टीनमध्ये कुणी नवा माणूस आला, की एवर्ट खिडकीजवळच्या टेबलाशी कॉफी घेऊन बसायचा. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, काचेच्या चौकटीत, पिवळी जर्सी टांगलेली असे. नवा माणूस जर्सीकडे बघायचा, मग एवर्टकडे, मग पुन्हा जर्सीकडे.

"ही तुझी?"

"अरे, जुनी गोष्ट आहे," एवर्ट हात झटकायचा. "त्यात काय एवढं."

इथवर एवर्टचं काम. पुढचं काम होल्गरचं. होल्गर ओस्टबी म्हणजे एवर्टचा बालमित्र, कागद गिरणीतला निवृत्त फिटर. तो चार सेकंद थांबायचा, कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "त्यात काय म्हणतो, ऐका याचं! अरे बाबा, याने फिनलंडला एकट्याने लोळवलंय." मग सगळी कहाणी निघायची. एवर्ट मधूनमधून "होल्गर, पुरे आता" म्हणायचा, ते अशा सुरात की होल्गरला पुढचा प्रसंग आठवावा. बुवांनी ओळ सोडावी आणि साथीदाराने उचलावी, तसं हे चाळीस वर्षं चाललं होतं.

याला पर्यायही नव्हता. हॅलाब्रुकमध्ये एखाद्याने दारूच्या नशेत गाडी नदीत घातली, तर गाव दोन वर्षांत विसरून जाईल. पण तो जर "मी बरा खेळायचो" असं म्हणाला, तर ते त्याच्या नातवंडांना ऐकावं लागेल.

एवर्ट गिरणीच्या चाळीत जन्मला. बाप लगदा शिजवायच्या विभागात होता. पोरगा राष्ट्रीय संघात निवडला गेल्याचं पत्र आलं तेव्हा बापाने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "मग शनिवारी लाकडं कोण फोडणार?" एवर्टच्या आयुष्यातला हा पहिला सत्कार.

उंची सहा फूट तीन इंच. पाय सामान्य. डोकं मात्र असं, की हवेतला चेंडू आपणहून शोधत यायचा. गावाच्या क्लबातून तो मोठ्या शहरातल्या पहिल्या विभागाच्या क्लबात गेला आणि तिथून पिवळ्या जर्सीत. पहिले दोन गोल त्याने एका बेटावरच्या संघाला मारले. त्या संघाचा गोलरक्षक सोमवारी पोस्टात हजर व्हायचा. तिसरा गोल फिनलंडविरुद्धचा, एकोणनव्वदाव्या मिनिटाचा, जिंकून देणारा. त्या वेळी एवर्टची जर्सी कुणीतरी ओढली होती म्हणून तो गोलकडे पाठ करून पंचाकडे तक्रार करत होता. सहकाऱ्याने मारलेला चेंडू त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध आदळला आणि वळून जाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने 'फ्लोडमार्कची उपजत जाण' असा मथळा दिला. होल्गर लोकांना हा गोल सांगताना तो डोक्याने मारलेला सांगायचा. एवर्ट दुरुस्ती करत नसे. दुरुस्ती करणं म्हणजे स्वतःविषयी बोलणं झालं असतं.

विश्वचषकाच्या संघातही तो होता. शेवटच्या साखळी सामन्यात प्रशिक्षकाने त्याला अंग गरम करायला सांगितलं. एवर्ट रेषेच्या कडेने एकेचाळीस मिनिटं धावला. मग प्रशिक्षकाने एका बचावपटूला मैदानात पाठवलं. "स्वीडनच्या इतिहासात एवढा तापलेला माणूस दुसरा झाला नाही," असं होल्गर म्हणायचा, पण ते एवर्ट नसताना.

आणि मग नववा सामना. गोलरक्षक घसरून पडलेला, गोल सताड उघडा, एवर्टच्या पायाशी चेंडू आणि मध्ये सहा पावलं गवत. एवर्टने डावीकडे पाहिलं. तिथे एक नवा पोरगा पळत येत होता. एवर्टने चेंडू त्याच्याकडे ढकलला. पोराला याची अपेक्षा नव्हती, जगात कुणालाच नव्हती. चेंडू संथपणे रेषेबाहेर गेला.

"का?" सामना संपल्यावर प्रशिक्षकाने विचारलं.

"त्याचा अजून एकही गोल झाला नव्हता. मला वाटलं, द्यावा."

"तू कुणाकडे जेवायला गेलास, तर ताटातला शेवटचा बटाटा उचलतोस का रे?"

"छे. शेवटचा कसा उचलायचा?"

"तेच म्हणतो मी. माणूस म्हणून तू उत्तम आहेस. घरी जा."

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. पुढे दोन वर्षं स्वित्झर्लंडच्या दुय्यम विभागात खेळून त्याने गुडघा घालवला. परत येऊन गावात क्रीडासाहित्याचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने किंमत विचारली की हा ओशाळायचा, त्यामुळे दुकान बंद पडलं. मग नगरपालिकेत क्रीडा अधिकारी, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला छत्री दिली.

एवढं सगळं झाल्यावर, एवर्ट सत्तरीला टेकला असताना, क्लबने मैदानाच्या पूर्वेला नवा स्टँड बांधला. तीनशे खुर्च्या, वर पत्र्याचं छप्पर. त्याआधी गाव गवताच्या उंचवट्यावर उभं राहून सामने बघायचं. स्टँडला नाव कुणाचं द्यायचं, यावर गावात चर्चा झाली नाही. ज्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत असतं ती तिथे बोलून दाखवत नाहीत.

एवर्टने एका सकाळी, मैदानावर कुणी नसताना, छपराची लांबी पावलांनी मोजली. बावीस पावलं. एकेक अक्षर चार वर्षांच्या मुलाएवढं उंच करता आलं असतं. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. मनातले मांडे तो मनातच भाजून, मनातच खाऊन घरी आला. बायकोने, गुनवोरने, त्याचे बूट पाहिले. "मोजून झालं?" तिने विचारलं. गुनवोर सामन्यांच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी सॉसेजची टपरी चालवायची. तिथून तिला गावातलं सगळं दिसायचं आणि नवऱ्यातलं तर आरपार.

कार्यकारिणीची बैठक ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या मंगळवारी ठरली. इथेच घात झाला. त्या आठवड्यात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि गावातले बंदूक धरू शकणारे सगळे पुरुष जंगलात असतात. होल्गरही गेला, एवर्ट गुडघ्यामुळे मागे राहिला. अध्यक्ष कॉनी रास्क याच्या हे लक्षातच आलं नाही. तो घरं गरम ठेवायची यंत्रं विकायचा, वयाने पंचेचाळिशीचा आणि शाकाहारी होता. यातली शेवटची गोष्ट गावाने मोठ्या मनाने पोटात घातली होती.

बैठक सुरू होताच नेहमीप्रमाणे एक माणूस निवडायचा होता. चिटणीस लिहील ते इतिवृत्त त्याने नंतर वाचायचं आणि बरोबर असल्याची सही करायची.

"एवर्ट, तू करशील?" कॉनीने विचारलं.

"चालेल की."

मग सहा विषय झाले. जाळी, दिवे, पंचांचं चहापाणी वगैरे. मग कॉनीने घसा साफ केला.

"विषय सातवा. नव्या स्टँडचं नाव. आम्ही सगळ्यांनी विचार केलाय एवर्ट, की तुझं नाव द्यावं. तुला काय वाटतं?"

एवर्टने टेबलाकडे पाहिलं. हसू ओठांच्या आतल्या बाजूला ठेवलं. हा क्षण त्याने आयुष्यभर घोटलेला होता.

"अरे, छे! माझं नाव कशाला? नको. खरंच नको."

आणि तो थांबला. चार सेकंद. आता कप खाली ठेवल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. एवर्टने मान वळवून होल्गरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर कुणाचे तरी ओले हातमोजे वाळत पडले होते.

"नको?" कॉनी म्हणाला.

"म्हणजे... गावात आणखी मोठी माणसं आहेतच की," एवर्टने आणखी एक दार उघडून दिलं. आत शिरून कुणीतरी "कोण आहेत? नावं सांग!" एवढंच म्हणायचं होतं. कुणी म्हणालं नाही. सगळे मोठ्या माणसांचा विचार करू लागले. खोलीत फक्त चिटणीस मायलिस टिंगवॉलच्या पेनाचा आवाज येत होता. मायलिसने तीस वर्षं आयकर खात्यात काढली होती. ती ऐकलं तेवढंच लिहायची आणि ऐकलं ते सगळं लिहायची.

पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, यजमानाने तीनदा आग्रह करायचा आणि चौथ्यांदा ताटात पडलेलं पाहुण्याने मुकाट्याने खायचं, ही सोय सगळ्या देशांत नसते. हॅलाब्रुकमध्ये नको म्हणजे नको. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणं.

कॉनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आजकालच्या पोरांनी हे बघायला हवं होतं," तो म्हणाला. "एवर्ट, आम्ही तुझ्या इच्छेचा मान राखतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"विषय आठवा. कपडे धुण्याचं मशीन."

घरी गुनवोर बटाटे सोलत होती. "काय ठरलं?"

"मी नको म्हणालो."

"ते माहितेय. मग?"

"त्यांनी ऐकलं."

गुनवोरने सुरी खाली ठेवली. "त्रेचाळीस वर्षं मी तुझं नको कधी ऐकलं नाही, म्हणून तू आज दोन वेळचा जेवतोस. पण ती माणसं परकी आहेत रे. ती ऐकणारच."

गुरुवारी मायलिस सायकलवरून आली. पिशवीतून इतिवृत्त काढून तिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"वाच. काही चुकलं असेल तर आत्ताच सांग. सही झाल्यावर माझ्याकडे येऊ नकोस."

एवर्टने सातवा विषय वाचला. 'फ्लोडमार्क यांनी आभार मानून नकार दिला. सभेने त्यांच्या नकाराचा आदर केला.'

"आभार मी मानले नव्हते," एवर्ट क्षीणपणे म्हणाला.

"ते मी शोभेसाठी घातलं. काढू?"

"राहू दे."

"बाकी? नको म्हणालास ना तू?"

"म्हणालो."

"दोनदा म्हणालास. मी एकदाच लिहिलंय."

एवर्ट कागदाकडे बघत बसला. यात खोटं काहीच नव्हतं. हे चूक आहे म्हणायचं, तर मग बरोबर काय तेही सांगावं लागणार होतं, आणि ते सांगणं म्हणजे 'मला हवंय' म्हणणं. भीड ही भिकेची बहीण, असं आपले वाडवडील सांगून गेले. एवर्टच्या वाडवडिलांनी फक्त लाकडं फोडली होती. त्याने पेन घेतलं आणि सवयीने, एके काळी पोरांच्या वह्यांवर करायचा तशी झोकदार सही केली, शेवटच्या वळणात छोटासा फुटबॉल काढून.

"फुटबॉल कशाला?" मायलिस म्हणाली. "हा अधिकृत कागद आहे."

जंगलातून होल्गर परतला तो एल्कचा एक आख्खा पाय घेऊन. तो एवर्टच्या दारात टेकवून त्याने आधी बातमी ऐकून घेतली.

"मी चार दिवस शिकारीला काय गेलो, तू इथे स्वतःलाच गोळी घातलीस?"

"तू कॉनीशी बोल ना."

"काय बोलू? एवर्ट नको म्हणाला की समजायचं त्याला हवंय? मग चाळीस वर्षांचं सगळंच उघड्यावर येईल, शहाण्या. फिनलंडसकट."

एवर्टने पाठ खाजवली. फिनलंडचा विषय त्याच्या पाठीशी निगडित होता.

इतक्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अर्धं पान भरून मजकूर आला. 'नको म्हणणारा माणूस.' सोबत फोटो, एवर्ट रिकाम्या मैदानाकडे बघतोय असा. दहा दिवस बरे गेले. सहकारी भांडारात दुधाच्या फडताळाशी लोक मान लववायचे. एका बाईने त्याला रांगेत पुढे जायला सांगितलं आणि तो नको म्हणाला, तेव्हा रांगेतले सगळे एकमेकांकडे बघून हसले, बघा, अगदी तसाच आहे.

पण लौकिक हा भाडेकरूसारखा असतो. एकदा घरात घेतला की तो हळूहळू बाकीच्या खोल्याही मागतो. डिसेंबरात कॉनी घरी आला. टोपी हातात, चेहरा अपराधी.

"एवर्ट, आम्हाला लाज वाटतेय. मुलांच्या हिवाळी स्पर्धेला आम्ही वीस वर्षं फ्लोडमार्क चषक म्हणतोय. तू कधी तक्रारसुद्धा केली नाहीस. यंदापासून नुसता हिवाळी चषक."

"अरे, त्याची काही गरज नव्हती."

"बघ! हेच म्हणतो मी!" कॉनी गहिवरून निघून गेला.

नाताळानंतर जर्सी आली. कागदी पिशवीत, इस्त्री करून. "रोज तिच्याखाली बसताना तुला किती अवघड होत असेल," सोबतच्या चिठ्ठीत कॉनीने लिहिलं होतं. कॅन्टीनच्या भिंतीवर, जर्सीच्या जागी, आग लागल्यास बाहेर कसं पडावं याचा नकाशा लागला. एवर्ट नेहमीच्या टेबलाशी बसला, तर नवा माणूस त्याच्या डोक्यावर बघायचा आणि मग दाराकडे.

स्टँडचं नावही तोवर आपोआप रुळत चाललं होतं. पूर्वेचा स्टँड. पश्चिमेला स्टँड नव्हता, उत्तर-दक्षिणेलाही नव्हता. पश्चिमेला फक्त जंगल होतं. तरी घोटाळा होऊ नये म्हणून पूर्वेचा. पाटीवाल्याला एप्रिलमध्ये अक्षरं सांगायची होती.

"आता एकच वाट आहे," जानेवारीत होल्गर म्हणाला. दोघं गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसले होते. अशा जागी माणसं खरं बोलतात, कारण एकमेकांकडे बघावं लागत नाही. "मार्चमध्ये वार्षिक सभा आहे. सभासदाने एकतीस जानेवारीच्या आत लेखी सूचना दिली, तर ती सभेला घ्यावीच लागते. सूचना मी लिहितो."

"खरंच लिहिशील?"

"लिहितो. पण कॉनी तुला विचारणार. तेव्हा मी बोलणार नाही."

"का? तू तर नेहमी..."

"इतिवृत्तात नकार तुझा आहे. तुझ्या सहीचा. फुटबॉल काढलेला. तो तूच मागे घ्यायचास. मी बोललो तर लोक म्हणतील होल्गर याला भरीला घालतोय. 'हवंय' हे तुला म्हणावं लागेल, एवर्ट. तोंडाने. माणसांसमोर."

एवर्टने गळ वर ओढला. त्याला काहीही लागलेलं नव्हतं.

मग गुनवोरने त्याची तालीम घ्यायला सुरुवात केली. रोज रात्री जेवताना ती एक पदार्थ शिल्लक ठेवायची.

"शेवटचा मासा घेतोस?"

"तू घे."

"ठीक." ती घ्यायची.

"आणखी कॉफी?"

"असू दे, उगाच कशाला..."

"ठीक." ती किटली उचलायची.

"अगं, निदान एकदा पुन्हा विचार तरी!"

"कॉनी विचारणारे का पुन्हा?"

तीन आठवड्यांत एवर्टचा पट्टा दोन भोकं आत गेला. गुनवोरला स्कर्टची शिवण उसवून घ्यावी लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री एवर्टने शेवटचा बटाटा न विचारता काट्याने टोचला, तेव्हा गुनवोरने फक्त लोण्याची वाटी पुढे सरकवली.

वार्षिक सभा मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला भरली. एकतीस सभासद, दोन थर्मास आणि दालचिनीचे गोल पाव. पाव पहिल्या विषयातच संपत आले. चौथ्या विषयापर्यंत ताटलीत एकच उरला. मग कुणीतरी त्याचा अर्धा घेतला, कुणीतरी त्या अर्ध्याचा अर्धा आणि मग कुणीच नाही. उरलेला चतकोर ताटलीत मधोमध, सगळ्यांच्या नजरेखाली आणि कुणाच्याही हाताबाहेर, पडून राहिला.

कॉनीने सूचना वाचली. होल्गरने ती दोन ओळींतच लिहिली होती. कॉनीने चष्मा काढला.

"कार्यकारिणीची शिफारस अशी, की सूचना फेटाळावी. एवर्टची स्वतःची इच्छा इतिवृत्तात नोंदलेली आहे. होल्गरची भावना आपण समजू शकतो, पण एका माणसाच्या नम्रतेवर आपण पाय देऊ शकत नाही. तरी नियम म्हणून विचारतो. एवर्ट, माफ कर, तुला पुन्हा अवघडात टाकतोय. तुझं काय म्हणणं?"

एवर्ट उभा राहिला. त्याला आपल्या सहा फूट तीन इंचांची पहिल्यांदाच अडचण वाटली. होल्गर छताकडे बघत होता. मागच्या रांगेत गुनवोर हाताची घडी घालून बसली होती. तोंडात 'नको' तयार होतं. ते नेहमीच तयार असे, त्याला बोलवावं लागत नसे. सगळ्यांचे चेहरे आधीच कौतुकाने अर्धे उघडले होते. आणखी एकदा नको म्हटलं की झालं, बहुधा उभं राहून टाळ्या, वर्तमानपत्रात पूर्ण पान.

समोर गोल सताड उघडा होता. एवर्टने सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे मायलिस पेन धरून बसली होती.

"हवंय," एवर्ट म्हणाला.

"काय हवंय?" कॉनीला वाटलं पाणी.

"नाव. माझं. स्टँडला." आवाज चिरका आला, म्हणून त्याने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. "मला ते तेव्हाही हवं होतं. मोठ्या अक्षरांत हवंय."

कॅन्टीनमध्ये फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. कुणाचा तरी चमचा बशीत पडला आणि त्याने तो उचलला नाही.

"'मोठ्या अक्षरांत' हे लिहू?" मायलिसने विचारलं.

"लिही."

मतदान झालं. एकतीस हात खांद्यापर्यंत वर गेले, त्याच्या वर नाही. विरोधात कुणी नव्हतं. त्या गावात विरोध घरी जाऊन करतात. मग कॉफीची सुट्टी झाली आणि सगळे एकदम रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी बोलू लागले. एवर्टच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्याने ताटलीकडे हात नेला आणि पावाचा शेवटचा चतकोर उचलून खाल्ला.

काही घरांत त्या रविवारी रात्री या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त चर्चा झाली.

अक्षरं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागली. निळ्यावर पिवळी, छपराच्या पुढच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मायलिसने इतिवृत्ताची प्रत पाटीवाल्याला दिली होती आणि त्याने ती तंतोतंत पाळली होती. एवर्टला वाटलं होतं त्यापेक्षा ती थोडी मोठीच झाली होती. तसं त्याने कुणाला सांगितलं नाही.

"लोक काय म्हणतात?" त्याने टपरीशी गुनवोरला विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तेच तर वाईट," गुनवोर म्हणाली आणि सॉसेजवर मोहरी पिळली.

तो शनिवार हंगामातल्या पहिल्या घरच्या सामन्याचा होता. एवर्ट स्टँडमध्ये जाऊन बसला, तर लोकांनी आजूबाजूला एकेक खुर्ची सोडून दिली, जणू त्याला काही लागण झाली होती. हेही तो सहन करणार होता. पण दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं, की आपलं नाव आपल्या डोक्यावर आहे आणि तिथून आपल्याला फक्त पत्रा दिसतोय. पन्नास वर्षं वाट बघून जे मिळालं, ते आख्ख्या गावाला दिसत होतं, एक आपण सोडून.

मध्यंतराच्या आधीच तो उठला. गाडीतून मासेमारीची घडीची तिपाई काढली, थर्मास घेतला आणि मैदानाला वळसा घालून पश्चिमेला गेला. तिथे जंगलाच्या कडेला अजून घोटाभर ओलं बर्फ होतं. तिपाई रोवून तो बसला. दुपारचं ऊन समोरच्या स्टँडवर सरळ पडलं होतं. अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. एवर्टने ती डावीकडून उजवीकडे वाचली आणि मग पुन्हा. गोल कुणी केला, कुणावर झाला, यातलं त्याला काहीही कळलं नाही.

समोर तीनशे माणसं त्याच्याकडे बघत होती.

"तिकडे का जाऊन बसला हा?" कुणीतरी विचारलं.

"स्वतःच्या नावाखाली बसवत नाही रे त्याला."

"मग सभेत तसं कसं म्हणाला?"

"होल्गरने भरीस घातलं असणार. बघ ना, बर्फात बसलाय बिचारा. शेवटी स्वभाव कुठे जातो."

ही बातमी रांगेरांगेतून खाली उतरली, टपरीपर्यंत पोचली आणि मध्यंतर संपायच्या आत गावाने एवर्टला माफ करून टाकलं. पावाच्या चतकोरासकट. गुनवोरने सगळं ऐकलं आणि ती काहीही बोलली नाही. तिच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं मौन असावं.

उत्तरार्धात कॉनी कॉफीचे दोन कप सांभाळत बर्फातून तिकडे आला. मागोमाग होल्गर, हातात सॉसेज.

"एवर्ट, मी तुला चुकीचं समजलो होतो," कॉनी म्हणाला. त्याचे डोळे पुन्हा ओले होते. त्याला ते फार सहज जमायचं. "सभेनंतर मी घरी वाईटसाईट बोललो तुझ्याबद्दल. आणि तू बघ, इथे बसतोस. ओल्यात. हे बरं नाही दिसत. आम्ही म्हणतोय, इथे तुझ्यासाठी एक बाक टाकावं. लाकडी. आणि त्यावर, तुझी हरकत नसेल तर, एक पाटी..."

होल्गरने सॉसेज चावायचं थांबवलं.

एवर्टची नजर समोरच्या अक्षरांवरून हलली नाही. तोंड मात्र आपोआप उघडलं, जीभ वरच्या दातांना टेकली, 'न' अर्धा बाहेर आला. मग ती जीभ परत आत गेली.

"किती मोठी?" एवर्टने विचारलं.

कॉनी पोट धरून हसला. असा विनोद फक्त खऱ्या नम्र माणसालाच सुचतो, हे त्याने संध्याकाळपर्यंत पाच जणांना सांगितलं.

एवर्ट हसला नव्हता. तो उत्तराची वाट बघत होता.